खान्देशातील नागर युवक आणि समुपदेशन : प्राध्यापकाच्या भूमिकेचा पुनर्विचार

प्रस्तावना

जळगाव आणि धुळे ही दोन्ही शहरे २००३ साली महानगरपालिका झाली. २०११ च्या जनगणनेनुसार जळगावची लोकसंख्या सुमारे ४ लाख ६० हजार, तर धुळ्याची सुमारे ३ लाख ७५ हजार होती. तथापि सकाळच्या वेळी या शहरांत वावरणारा तरुणवर्ग या आकड्यांत मावणारा नाही. धरणगाव, एरंडोल, पाचोरा, भुसावळ येथून जळगावला आणि साक्री, शिंदखेडा, शिरपूर, चाळीसगाव येथून धुळ्याला एस.टी.च्या किंवा रेल्वेच्या मासिक पासावर ये-जा करणारी मुले-मुली दुपारनंतर गावाकडे परततात. काही वसतिगृहात राहतात, तर काही चौघांत एक खोली घेऊन राहतात व उरलेला दिवस अभ्यासिकेत घालवितात. खान्देशातील 'नागर युवक' असा अर्धा शहरात आणि अर्धा शिवारात असतो. त्याच्या अडचणींचा विचार करताना हे ध्यानात ठेवावे लागते.

उदाहरणादाखल एका विद्यार्थ्याची कल्पना करावी. शिंदखेडा तालुक्यातील हा मुलगा धुळ्यात कला शाखेच्या तृतीय वर्षात शिकतो. पहाटे मैदानावर धावतो, कारण पोलीस भरती हे त्याचे ध्येय आहे. दुसऱ्यांदा तो थोड्या गुणांनी मागे राहिला. थोरला भाऊ सुरतेला कापड कारखान्यात आहे आणि 'तू पण ये' असा त्याचा फोन येत असतो. घरची जमीन कोरडवाहू आहे. नोकरी नसल्यामुळे पुढे आपले लग्न जमणार नाही, ही भीती त्याने कोणाजवळ बोलून दाखविलेली नाही. गेले दोन महिने त्याला झोप नाही. वर्गात तो येत नाही, म्हणून हजेरीपट पाहून प्राध्यापक त्याला बोलावितात आणि कारण विचारतात. 'तब्येत बरी नव्हती, सर' एवढेच उत्तर तो देतो. प्राध्यापक त्याला समज देतात, हजेरीच्या नियमाची आठवण करून देतात आणि तो निघून जातो.

या प्रसंगात प्राध्यापकाचे काही चुकले असे म्हणता येणार नाही. त्याने आपले काम केले. आणि नेमके ते काम केल्यामुळेच तो मुलगा बोलू शकला नाही. प्रस्तुत लेखात मार्गदर्शन आणि समुपदेशन यांतील भेद स्पष्ट करून, समुपदेशनाची जबाबदारी अध्यापकावरच सोपविण्याच्या प्रचलित रीतीचा विचार केला आहे.

मार्गदर्शन आणि समुपदेशन : संकल्पनांचा भेद

मार्गदर्शनाच्या चळवळीचा आरंभ सामान्यतः १९०८ साली मानला जातो. त्या वर्षी फ्रँक पार्सन्स यांनी अमेरिकेतील बोस्टन शहरात व्यवसाय मार्गदर्शन केंद्र सुरू केले. व्यक्तीने स्वतःस ओळखावे, व्यवसायाची माहिती घ्यावी आणि या दोहोंचा मेळ घालावा, अशी त्यांची मांडणी होती. भारतात कलकत्ता विद्यापीठाच्या मानसशास्त्र विभागात १९३८ मध्ये या कामास प्रारंभ झाला. मुंबईत १९४१ मध्ये बाटलीबॉय यांच्या पुढाकाराने व १९४७ मध्ये पारशी पंचायतीच्या वतीने मार्गदर्शन केंद्रे निघाली, आणि १९५० मध्ये तत्कालीन मुंबई सरकारने स्वतःचे केंद्र स्थापन केले. मुदलियार आयोगाने (१९५२-५३) व कोठारी आयोगाने (१९६४-६६) मार्गदर्शनाचा पुरस्कार केला. महाराष्ट्रात २०१६ पासून काही वर्षे दहावीच्या विद्यार्थ्यांसाठी कल चाचणी घेण्यात आली. तिच्यातील क्षेत्रांत 'गणवेशधारी सेवा' हेही एक होते. आपल्या भागातील किती मुलांचा कल तिकडे असतो, हे सांगण्यास मात्र चाचणीची गरज नव्हती.

हा सर्व प्रवाह मार्गदर्शनाचा आहे. समुपदेशनाची वाट निराळी आहे. १९४२ साली कार्ल रॉजर्स यांनी समुपदेशन व मानसोपचार यांवरील आपल्या ग्रंथात सल्ला न देणाऱ्या समुपदेशनाची मांडणी केली. समोरच्या व्यक्तीला आपला प्रश्न सोडविण्याची शक्ती असते, समुपदेशकाने तिचे ऐकून घ्यावे, तिच्या भावनांना नाव द्यावे, तिला जोखू नये, असे त्यांचे म्हणणे होते. मराठीत या क्रियेसाठी जो शब्द रूढ झाला त्यात 'उपदेश' शिरून बसला आहे, ही थोडी दुर्दैवाची गोष्ट म्हणावी लागेल. आपल्याकडे समुपदेशन म्हटले की व्यासपीठ, हार, पाहुणे आणि दीड तासाचे व्याख्यान असे चित्र उभे राहते, त्याचे एक कारण या शब्दातही असावे.

मार्गदर्शनात माहिती देणारा बोलतो, तर समुपदेशनात अडचणीत असलेला बोलतो. मार्गदर्शन शंभर जणांना एकत्र देता येते. समुपदेशन बहुधा एकेकट्याशी, बंद दाराआड व वारंवार करावे लागते. खान्देशात पहिल्याची उणीव राहिलेली नाही. जळगावच्या दीपस्तंभ फाउंडेशनने स्पर्धा परीक्षांच्या मार्गदर्शनापासून पुढे जाऊन 'मनोबल' या प्रकल्पाद्वारे दिव्यांग व अनाथ विद्यार्थ्यांसाठी निवासी प्रशिक्षणाचे काम उभे केले आहे, ते सर्वांस परिचित आहे. महाविद्यालयांतही स्पर्धा परीक्षा मार्गदर्शन केंद्र चांगले चालते. उणीव दुसऱ्याची आहे, आणि 'मार्गदर्शन व समुपदेशन कक्ष' अशी जोडपाटी लावल्यामुळे ती उणीव दिसेनाशी होते.

प्रश्नाची व्याप्ती

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या. त्यांपैकी १,७६४ महाराष्ट्रातील होते. ही संख्या सर्व राज्यांत सर्वाधिक होती. आत्महत्येमागे एकच कारण क्वचितच असते, म्हणून परीक्षेतील अपयशाकडे बोट दाखवून हा विषय संपत नाही. मनोविकारांच्या प्रारंभाविषयी रोनाल्ड केसलर व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये अमेरिकेत केलेल्या अभ्यासातून असे दिसून आले की, आयुष्यात केव्हातरी होणाऱ्या मनोविकारांपैकी निम्मे चौदाव्या वर्षापर्यंत, तर तीन चतुर्थांश चोविसाव्या वर्षापर्यंत सुरू झालेले असतात. म्हणजे अकरावीपासून पदव्युत्तर वर्गापर्यंतचा काळ हा नेमका आपल्या ताब्यातील काळ आहे.

आपल्या भागात या प्रश्नाला भाषेचा एक पदर आहे. विद्यार्थी 'मला नैराश्य आले आहे' असे म्हणत नाही. त्याचे डोके जड होते, छातीत धडधडते, त्याला 'टेन्शन' येते. अहिराणी बोलणारा मुलगा 'जीव लागस नही' म्हणतो. लेवा बोली, तावडी, पावरी आणि भिली बोलणाऱ्यांच्या शब्दांची ठेवण आणखी निराळी आहे. परकीय प्रश्नावलीचे पुस्तकी मराठी भाषांतर हातात दिल्यास तो खुणा करून मोकळा होतो. त्या खुणांतून फारसे काही कळत नाही.

दुसरा पदर मुलींच्या मौनाचा आहे. १९९४ साली जळगावात उघडकीस आलेल्या वासनाकांडाची आठवण आजही या शहरात दबक्या आवाजात काढली जाते. छायाचित्रांच्या धाकाने मुलींचे शोषण दीर्घकाळ चालू होते. प्रकरण बाहेर आल्यावरही कितीतरी मुली बदनामीच्या भीतीने पुढे येऊ शकल्या नाहीत. त्या काळात एखाद्या मुलीला घरी, शाळेत वा महाविद्यालयात, कोणालाही न कळता, विश्वासाने बोलता येईल अशी जागा असती तर काय झाले असते, हा प्रश्न शिक्षणसंस्थांनी स्वतःला विचारावयास हवा होता. आज छायाचित्र भ्रमणध्वनीवर एका क्षणात पसरते. धाक दाखविणाऱ्याचे काम सोपे झाले आहे. मुलीचे बोलणे तितके सोपे झालेले नाही.

अमळनेरचे उदाहरण आणि त्याची मर्यादा

या विषयावरील चर्चेत एक आक्षेप हमखास घेतला जातो. चांगला शिक्षक हाच उत्तम समुपदेशक, मग वेगळ्या व्यक्तीची गरज काय? या आक्षेपामागे, विशेषतः खान्देशात, साने गुरुजींची प्रतिमा उभी असते. गुरुजी १९२४ साली अमळनेरच्या शाळेत शिक्षक म्हणून आले. पुढे ती प्रताप हायस्कूल म्हणून ओळखली गेली. तेथील छात्रालयाची जबाबदारी त्यांनी सांभाळली. मुलांच्या खोल्या झाडणे, आजाऱ्याच्या उशाशी बसणे, हे सारे ते करीत. मुलांसाठी 'छात्रालय' हे हस्तलिखित दैनिक ते स्वतः लिहीत असत. 'विद्यार्थी' हे मासिकही त्यांनी चालविले. १९३० मध्ये ते नोकरी सोडून सत्याग्रहात उतरले.

या सहा वर्षांचा बारकाईने विचार केल्यास दोन गोष्टी जाणवतात. पहिली अशी की, गुरुजींचा मुलांशी खरा संबंध वर्गापेक्षा छात्रालयात जडला. ते मुलांबरोबर राहत होते. आज तासिका तत्त्वावर दोन-दोन महाविद्यालयांत तास घेणाऱ्या, स्वतःच्याच उद्याची खात्री नसलेल्या प्राध्यापकाकडे साठ-सत्तर विद्यार्थ्यांचे पालकत्व कागदोपत्री सोपविणे आणि त्याच्याकडून अमळनेरच्या छात्रालयाची अपेक्षा करणे, हे दोघांवरही अन्याय करणारे आहे.

दुसरी गोष्ट लिहिताना लेखणी अडखळते. इतरांचे दुःख आयुष्यभर स्वतःवर घेणाऱ्या गुरुजींनी ११ जून १९५० रोजी स्वतःचे जीवन संपविले. त्यामागील कारणांची मीमांसा करण्याचा हेतू येथे नाही आणि तसा अधिकारही नाही. परंतु दुसऱ्याचे ऐकणाऱ्यालाही कोणीतरी ऐकणारे हवे असते, ही गोष्ट समुपदेशनाच्या आजच्या शास्त्रात गृहीत धरलेली आहे. प्रशिक्षित समुपदेशक आपल्या कामाविषयी ज्येष्ठ सहकाऱ्याशी नियमित बोलतो, आपली मर्यादा ओळखतो, रुग्ण पुढे पाठवितो. केवळ सहृदयतेच्या बळावर हे काम करणाऱ्या शिक्षकाला असा आधार कोणीच देत नाही.

अध्यापक आणि समुपदेशक : अनुभवसिद्ध पुरावा

हा केवळ तर्काचा विषय नाही. बिहारच्या नालंदा जिल्ह्यातील ७४ शासकीय माध्यमिक शाळांत गोव्याच्या 'संगत' या संस्थेशी संबंधित संशोधकांनी 'सेहर' नावाचा प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष २०१८ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. काही शाळांत हा कार्यक्रम बाहेरून नेमलेल्या, अल्प प्रशिक्षण घेतलेल्या सामान्य व्यक्तीने राबविला. काही शाळांत तोच कार्यक्रम तेथील शिक्षकाने राबविला. उरलेल्या शाळांत केवळ नेहमीचा जीवनकौशल्य वर्ग होता. जेथे बाहेरची व्यक्ती होती तेथे शाळेचे वातावरण सुधारले, तसेच विद्यार्थ्यांतील नैराश्याची लक्षणे, दादागिरी व हिंसा कमी झाली. जेथे तेच काम शिक्षकाकडे होते तेथे असा परिणाम दिसला नाही. नालंदाच्या नववीच्या वर्गावरून धुळ्याच्या तृतीय वर्षाविषयी थेट अनुमान काढणे योग्य नाही, हे मान्य. तरीही 'काम तेच, माणूस निराळा, परिणाम निराळा' हा निष्कर्ष आपण सर्वांनी शांतपणे वाचावा असा आहे.

प्रस्तुत लेखकाच्या मते याचे कारण शिक्षकाच्या वृत्तीत नसून त्याच्या स्थानात आहे. जो अंतर्गत गुण देतो, हजेरी लावतो, प्रात्यक्षिकाची वही तपासतो आणि ज्याची पालकांशी बसस्थानकावर गाठ पडते, त्याच्याजवळ विद्यार्थी आपली लाज उघडी करीत नाही. जळगाव-धुळ्यासारख्या शहरांत तर प्राध्यापक पुष्कळदा विद्यार्थ्याच्या नात्यातला, भाऊबंदकीतला किंवा गावचाच असतो. महानगरात सहज मिळणारे अनोळखीपण येथे मुद्दाम निर्माण करावे लागते.

बाहेरची व्यक्ती म्हणजे महागडा तज्ज्ञच हवा, असेही नाही. झिंबाब्वेची राजधानी हरारे येथे मनोविकारतज्ज्ञ डिक्सन चिबांडा यांनी २००६ मध्ये 'फ्रेंडशिप बेंच' हा उपक्रम सुरू केला. शहरातील म्बारे या दाट वस्तीच्या भागातील १४ आजीबाईंना प्रशिक्षण देऊन दवाखान्याबाहेरच्या बाकावर बसविण्यात आले. येणाऱ्याचे ऐकून घेणे, त्याच्या अनेक अडचणींतून एक निवडणे आणि तिच्यावर पुढचे एक पाऊल त्यालाच ठरवू देणे, ही त्यांची रीत. हरारेतील २४ दवाखान्यांत ५७३ व्यक्तींवर केलेल्या चाचणीत सहा महिन्यांनंतर या बाकावर येणाऱ्यांची लक्षणे इतरांच्या तुलनेत लक्षणीयरीत्या कमी आढळली. हा निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. या उपक्रमाने 'नैराश्य' हा शब्द लोकांवर लादला नाही. शोना भाषेत 'कुफुंगिसिसा', म्हणजे अतिविचार, असा शब्द आहे. तोच त्यांनी वापरला. आपल्याकडे 'जीव लागस नही' या शब्दांपासून असा आरंभ करता येईल. मानसशास्त्र आणि मराठी या दोन विभागांनी एकत्र बसून विद्यार्थ्यांच्या बोलींतील असे शब्द संकलित केल्यास कोणत्याही अनुवादित प्रश्नावलीपेक्षा ते काम अधिक उपयोगी ठरेल.

कायदा आणि न्यायालयीन निर्देश

सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी सुकदेब साहा विरुद्ध आंध्र प्रदेश राज्य या प्रकरणात शैक्षणिक संस्थांसाठी पंधरा निर्देश दिले. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेने किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमावा आणि त्याहून लहान संस्थांनी बाहेरील तज्ज्ञांशी औपचारिक जोडणी करावी, असे त्यात म्हटले आहे. शिकवणी वर्ग आणि वसतिगृहेही या निर्देशांच्या कक्षेत येतात. यापुढे 'समुपदेशन कक्षाचे समन्वयक' म्हणून एखाद्या प्राध्यापकाचे नाव फलकावर लिहून भागणार नाही.

खर्चाचा प्रश्न संस्थाचालक उपस्थित करतील आणि तो रास्तही आहे. मात्र मनुष्यबळ नाही, ही सबब आपल्या भागाला लागू पडत नाही. जळगाव, अमळनेर आणि धुळ्याजवळील मोराणे येथे समाजकार्य महाविद्यालये आहेत. तेथून शिकून बाहेर पडणारे तरुण याच बोली बोलतात. किशोर व युवकांच्या मानसिक आरोग्याचे पुरेसे प्रशिक्षण दिल्यास त्यांतून ही पदे भरता येण्यासारखी आहेत.

गोपनीयतेविषयी दोन शब्द आवश्यक आहेत. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ ने उपचारांविषयीची माहिती गोपनीय राखण्याचा हक्क दिला आहे. याच कायद्याच्या कलम ११५ नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे गृहीत धरले जाते व तिच्यावर त्यासाठी खटला भरला जात नाही. पोलिसांच्या भीतीने असे प्रसंग लपविणाऱ्या पालकांना हे सांगण्याची गरज आहे. दुसरीकडे, आपल्या आवारात कनिष्ठ महाविद्यालयाची अठरा वर्षांखालील मुलेही असतात. लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम, २०१२ नुसार त्यांच्यावरील अशा अपराधाची माहिती मिळाल्यास ती कळविणे बंधनकारक आहे. म्हणून 'कोणालाही सांगणार नाही' असे वचन कोणीच देऊ नये. जिवाला धोका असल्यास किंवा कायद्याने बांधलेले असल्यास सांगावे लागेल, अन्यथा नाही, हे पहिल्याच भेटीत स्पष्ट करणे प्रामाणिकपणाचे होय.

प्राध्यापकाचे काम कोणते?

समुपदेशन दुसऱ्याने करावयाचे म्हणजे प्राध्यापक मोकळा झाला, असा याचा अर्थ नाही. त्याच्याकडे असलेली एक गोष्ट समुपदेशकाकडे नसते. तो विद्यार्थ्याला रोज पाहतो. पुढच्या बाकावरचा मुलगा मागे जाऊन बसू लागला, नियमित वही देणारीने वही देणे थांबविले, एखाद्याने आपली पुस्तके मित्राला देऊन टाकली, कोणी 'आता काय उपयोग' असे वारंवार म्हणू लागले, हे त्याच्याच दृष्टीस पडते. अशा वेळी कारणांची उलटतपासणी करू नये. 'तू अलीकडे पूर्वीसारखा दिसत नाहीस, मला काळजी वाटते' एवढे म्हणावे व थांबावे. जीव देण्याचे विचार मनात येतात काय, असे सरळ विचारल्याने तो विचार मनात पेरला जातो, ही समजूत चुकीची आहे. उलट विचारल्याने पुष्कळांना हायसे वाटते. त्यानंतर 'हे काम ज्यांना येते त्यांच्याकडे आपण दोघे जाऊ' असे म्हणून पहिल्या वेळी सोबत जावे. चिठ्ठी देऊन पाठविलेला विद्यार्थी बहुधा पोहोचत नाही.

समुपदेशकाच्या पुढची पायरीही ठरलेली असावी. धुळ्याचे भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि २०१८ मध्ये सुरू झालेले जळगावचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आपल्या आवाक्यात आहेत. रात्री-अपरात्री १४४१६ या क्रमांकावर 'टेलिमानस' ही केंद्र शासनाची विनामूल्य सेवा मराठीतूनही उपलब्ध असते. ऑक्टोबर २०२२ मध्ये ती सुरू झाली. हा क्रमांक ओळखपत्राच्या मागील बाजूस छापण्यास फारसा खर्च येत नाही.

कक्षाची जागा व वेळ या गोष्टी किरकोळ वाटतात, पण त्यांवरच सारे अवलंबून असते. प्राचार्यांच्या दालनाशेजारील खोलीत कोणी जाणार नाही. ग्रंथालय किंवा जिमखान्याकडे जाणाऱ्या वाटेवर, जेथे कोणीही कशासाठीही जाऊ शकतो, तेथे दार असावे. वेळ एस.टी.च्या वेळापत्रकाशी जुळवावी. दुपारची गाडी चुकली तर घरी उत्तर द्यावे लागणारी मुलगी चार वाजताची भेट स्वीकारणार नाही. मूल्यांकन समितीसाठी किती विद्यार्थी आले याची संख्या द्यावी, नावे देऊ नयेत, आणि समुपदेशन चालू असतानाचे छायाचित्र अहवालाला पुरावा म्हणून जोडण्याचा मोह कटाक्षाने टाळावा.

एक प्रश्न यातून सुटत नाही. वर कल्पिलेला विद्यार्थी येत्या वर्षी पदवीधर होईल आणि कोणत्याच महाविद्यालयाच्या पटावर राहणार नाही. तो अभ्यासिकेत जाईल. तेथे महिन्याच्या भाड्यावर टेबल-खुर्ची आणि दिवा मिळतो, शिक्षक नसतो, हजेरी नसते, आणि भरतीचे वय सरेपर्यंत तो तेथेच बसलेला असतो. शिकवणी वर्गाला निर्देश लागू आहेत. केवळ जागा भाड्याने देणाऱ्या अभ्यासिकेला ते कसे लागू करावयाचे, हे ठरवावे लागेल. तोपर्यंत महाविद्यालयांनी आपल्या कक्षाचे दार निदान तीन वर्षे माजी विद्यार्थ्यांसाठी उघडे ठेवावे आणि कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाने जळगाव, धुळे व नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतील संलग्न महाविद्यालयांना तसे सुचवावे.